डासरेषेपलीकडचं रान

हवाई बेटांवर उतरलेल्या भारतीय प्रवाशाला पहिल्या सकाळी जे पक्षी दिसतात ते त्याच्या ओळखीचेच असतात. हॉटेलच्या हिरवळीवर साळुंक्या फिरत असतात, तारांवर ठिपकेवाले होले बसलेले असतात, वाहनतळावर चिमण्या दाणे टिपत असतात. ओआहू बेटावर तर लालबुड्या बुलबुलही भेटतो. यांतला एकही पक्षी या बेटांचा नाही. साळुंकी १८६५ मध्ये विल्यम हिलेब्रँड या डॉक्टरानं पिकांवरच्या अळ्यांचा बंदोबस्त व्हावा म्हणून भारतातून आणली. बाकीचेही कुणी ना कुणी, कधी ना कधी आणून सोडलेले. लाखो वर्षं या बेटांवर घडलेले, जगात दुसरीकडे कुठेही नसलेले हवाईचे रानपक्षी किनाऱ्यावरून जवळजवळ नाहीसे झाले आहेत. ते पाहायचे तर डोंगर चढावा लागतो, आणि थोडाथोडका नाही. दीड हजार मीटरच्या वर गेल्यावर त्यांचा मुलूख सुरू होतो. ही उंची कुठून आली आणि ती किती दिवस टिकेल, हेच हवाईच्या पक्षिसंरक्षणातलं सर्वांत मोठं कोडं आहे.

ते समजून घ्यायला आम्ही गेलो हवाई या सर्वांत मोठ्या बेटावरच्या हकालाउ वन राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यात. मौना केआ हा ४,२०० मीटरहून उंच ज्वालामुखी. त्याचा पूर्वेकडचा उतार पॅसिफिकवरून येणाऱ्या वाऱ्यांना थेट सामोरा जातो, त्यामुळे त्यावर पाऊस आणि धुकं यांना तोटा नाही. याच उतारावर सुमारे ७६० मीटरपासून २,००० मीटरपर्यंत, जवळपास ३३ हजार एकरांत हे रान पसरलं आहे. इथे मनाला येईल तेव्हा जाता येत नाही. परवानगी काढावी लागते, किंवा परवाना असलेल्या वाटाड्याबरोबर जावं लागतं. आम्ही दुसरा मार्ग धरला.

हिलो शहरातून पहाटे निघालो तेव्हा पाऊस होता. हिलोत तो बहुतेक दिवस असतोच. रस्ता मौना केआ आणि मौना लोआ या दोन ज्वालामुखींच्या मधल्या खिंडीकडे चढत जातो. आधी दोन्ही बाजूंना दाट झाडी, मग लाव्हाची काळी पठारं, त्यांतून उगवलेली खुरटी झुडपं. खिंडीजवळ पोचलो तेव्हा ढग पायांखाली गेले होते आणि हवेत चांगलाच गारठा होता. तिथून मौना केआच्या शिखराकडे जाणारा फाटा घेतला आणि थोड्याच अंतरावर उजवीकडे केआनाकोलूच्या कच्च्या रस्त्याला लागलो. पुढचा प्रवास खड्ड्यांचा, दगडांचा, चारही चाकांना जोर लागणाऱ्या गाडीचा.

गाडीतून उतरण्याआधी वाटाड्यानं ब्रश आणि अल्कोहोलची बाटली पुढे केली. बुटांच्या तळव्यांतली माती खरवडून काढायची, मग त्यांवर अल्कोहोल फवारायचं. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे पाय आणि पाठपिशव्यांचे तळसुद्धा यातून सुटले नाहीत. कारण ओहिआ. हे झाड हवाईच्या मूळ जंगलाचा कणा आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत एका बुरशीजन्य रोगानं या बेटावरची दहा लाखांहून अधिक ओहिआ झाडं वाळवली आहेत. २०१४ मध्ये या रोगाचं कारण ओळखलं गेलं. बुरशी झाडाच्या जखमेतून आत शिरते, पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद पाडते आणि हिरवंगार दिसणारं झाड काही आठवड्यांत तपकिरी होऊन उभ्या उभ्या मरतं. मातीतून, लाकडाच्या भुशातून, माणसांच्या बुटांतून ती एका रानातून दुसऱ्या रानात जाते. म्हणून या रानात पाऊल टाकण्याआधी ते पाऊल धुवायचं, हा इथला पहिला नियम.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बराच वेळ फक्त गवत दिसत राहतं. मधूनच एखादं जुनं, वाकलेलं कोआचं झाड, आणि पिवळ्या फुलांच्या काटेरी गॉर्स झुडपांचं माजलेलं रान. ही गवताळ माळरानं निसर्गानं केलेली नाहीत. १७९३ मध्ये कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरनं राजा कामेहामेहाला गाईबैल भेट दिले. त्यांची संख्या वाढावी म्हणून राजानं त्यांना मारण्यावर बंदी घातली. ती वाढली, रानटी झाली आणि डोंगर चढली. मोठे चरणारे प्राणी या बेटांनी कधी पाहिलेच नव्हते. इथल्या बहुतेक झाडांना काटे नव्हते, पानांत विष नव्हतं. गुरांनी कोवळी रोपं खाल्ली, म्हातारी झाडं आपल्या काळानं पडत गेली, त्यांच्या जागी नवी आली नाहीत. शे-दीडशे वर्षांत जंगलाची वरची कड शेकडो मीटर खाली सरकली आणि तिथे कुरण झालं. ही रानगुरं पकडायला खड्डे खणत. डग्लस फर या वृक्षाला ज्याचं नाव मिळालं तो वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड डग्लस १८३४ मध्ये याच उतारावर अशाच एका खड्ड्यात मृतावस्थेत सापडला. त्याच खड्ड्यात एक रानबैल होता. डग्लसचं स्मारक याच डोंगरावर आहे.

मग हे रान वाचलं कसं? १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन सरकारच्या 'फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस' या खात्यानं हवाईच्या रानपक्ष्यांची मोठी पाहणी हाती घेतली. जीवशास्त्रज्ञ जे. मायकेल स्कॉट आणि त्यांचे सहकारी ओळीत आखलेल्या ठिकाणांवर जाऊन, ठरावीक मिनिटं थांबून, दिसलेला आणि ऐकलेला प्रत्येक पक्षी नोंदवत राहिले. वर्षानुवर्षांच्या या कामातून संकटग्रस्त पक्ष्यांचे नकाशे तयार झाले. ते नकाशे संरक्षित प्रदेशांच्या नकाशावर ठेवून पाहिले, तेव्हा धक्कादायक गोष्ट पुढे आली. पक्षी एकीकडे होते आणि अभयारण्यं दुसरीकडे. संकटग्रस्त रानपक्ष्यांच्या वावराच्या क्षेत्राचा दहा टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षणाखाली होता. मौना केआच्या या ओल्या उतारावर दुर्मीळ पक्ष्यांची दाटी होती, पण जमीन खासगी होती आणि वरच्या भागात गुरं चरत होती. त्या पाहणीतून १९८५ मध्ये हकालाउ अभयारण्य जन्माला आलं. रानपक्ष्यांसाठीच खास राखलेलं, अशा तऱ्हेचं हे अमेरिकेतलं अगदी सुरुवातीचं अभयारण्य. नकाशांची तुलना करून संरक्षणातल्या फटी शोधण्याची ती पद्धत पुढे जगभर वापरली गेली.

फाटकातून आत गेल्यावर उतार पायी उतरायचा. आधी लागवडीचा पट्टा येतो, त्याच्याबद्दल पुढे. त्याखाली खरं जुनं रान. कोआ ही बाभळीच्या कुळातली. पण लहानपणीच तिला बाभळीसारखी पिसासारखी पानं असतात. पुढे देठच चपटे होऊन कोयत्याच्या आकाराची पानं बनतात. कोकणात आणि गोव्यात लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीचा हाच प्रकार आपण पाहिलेला असतो. ओहिआ जांभळाच्या कुळातलं. त्याची लाल केसरांची फुलं झाडभर फुललेली असतात आणि मधानं ओथंबलेली असतात. दोन्ही झाडांची खोडं शेवाळानं आणि नेच्यांनी मढलेली. खाली माणसाहून उंच वृक्षनेचे. धुकं झाडांच्या पानांवर अडतं आणि पाऊस नसतानाही खाली टपटपत राहतं. डोंगराखालच्या झऱ्यांना मिळणाऱ्या पाण्यात त्याचाही वाटा आहे.

आणि आवाज. किनाऱ्यावर साळुंक्यांचा कलकलाट सोडून दुसरं काही ऐकू येत नव्हतं. इथे चहूबाजूंनी शिट्ट्या, किलबिल, कर्कश हाका. पहिला दिसला तो आपापाने, गडद लाल, पोटाखाली पांढरा, ओहिआच्या फुलांत डोकं खुपसून बसलेला. फुलांच्या बहरामागे हा डोंगरभर भटकतो. मग गंजलेल्या बिजागरीसारखी हाक आली आणि पानांतून ईईवी बाहेर आला. लालभडक अंग, काळे पंख, खाली वळलेली लांब केशरी चोच. हवाईच्या राजांचे आणि सरदारांचे पिसांचे झगे याच्या आणि आणखी काही पक्ष्यांच्या पिसांनी विणले जात. ते पकडणारे कुशल पक्षिपारधी चिकट डिंकाचा वापर करत. ईईवीच्या चोचीचा बाक इथल्या लोबेलियांच्या लांब, बाकदार फुलांशी जुळतो. गुरांनी आणि डुकरांनी लोबेलिया जवळजवळ संपवल्या, तेव्हा ईईवी ओहिआच्या उघड्या फुलांकडे वळला. संग्रहालयांतले एकोणिसाव्या शतकातले नमुने आणि अलीकडचे पक्षी यांची मापं घेतल्यावर त्याची चोच आखूड होत चालल्याचं शास्त्रज्ञांना आढळलं.

आम्हाला सर्वांत जास्त ओढ होती अकिआपोलाआउची. पिवळ्या अंगाचा, चिमणीएवढा हा पक्षी फक्त याच बेटावर आहे. त्याची वरची चोच लांब आणि बाकदार, खालची आखूड, सरळ आणि भक्कम. खालच्या चोचीनं तो कोआच्या फांदीवर ठोके मारून साल फोडतो आणि वरच्या चोचीनं आतली अळी ओढून काढतो. हवाईत सुतार पक्षी कधी पोचलाच नाही. सुतारानं करायचं काम इथे दुसऱ्याच घराण्यातल्या पक्ष्यानं आपल्या पद्धतीनं अंगावर घेतलं. वाटाड्या थांबला, हात वर केला. वरून हलके ठोके ऐकू येत होते. शेवाळलेल्या फांदीवर नर फांदीभोवती फिरत होता, ठोकत होता, ऐकत होता. त्याच्या मागोमाग पिल्लू अन्नासाठी हाका मारत होतं. या जातीची जोडी एका वेळी बहुधा एकच पिल्लू वाढवते आणि त्याला अळ्या शोधायला शिकवण्यात कित्येक महिने घालवते. इतक्या सावकाश वाढणाऱ्या जातीला एकेका पक्ष्याचा मृत्यू महाग पडतो.

नारिंगी रंगाचा आकेपा उंच शेंड्यांवर दिसला. त्याच्या चोचीची टोकं एकमेकांना किंचित ओलांडून जातात. त्या टोकांनी तो ओहिआची मिटलेली पानकळी फाकवतो आणि आतला किडा टिपतो. घरटं मात्र तो म्हाताऱ्या कोआ-ओहिआच्या ढोलीतच करतो. ढोली तयार व्हायला झाडाला शतकभर किंवा त्याहून अधिक वाढावं लागतं. नवं जंगल लावता येतं, म्हातारं जंगल लावता येत नाही. म्हणून हकालाउमधलं जुनं रान हे आकेपासाठी बदली न मिळणारं घर आहे.

आपापाने, ईईवी, अकिआपोलाआउ, आकेपा ही सगळी एकाच पूर्वजाची वंशावळ. पन्नास लाखांहून अधिक वर्षांपूर्वी आशियातल्या रोझफिंच पक्ष्यांचा एखादा थवा वादळानं किंवा वाट चुकून या बेटांवर पोचला. जवळच्या खंडापासून ही बेटं सुमारे ३,८०० किलोमीटर दूर. त्या थव्याच्या वंशजांनी मध, अळी, बी, फळ, गोगलगाय अशी प्रत्येक जागा वाटून घेतली आणि पन्नासहून अधिक जाती घडवल्या. हिवाळ्यात महाराष्ट्रात येणारा रोझफिंच त्याच घराण्यातला. रानात सतत शेपटी उभारून फिरणारा एलेपायो मात्र वेगळ्या घराण्यातला, आपल्या स्वर्गीय नर्तकाच्या कुळातला. होडी कोरणारे जुने हवाईयन कारागीर त्याच्यावर लक्ष ठेवत. तोडलेल्या कोआवर तो चोच मारत फिरला, तर लाकूड किडलेलं आहे असं समजून ते झाड सोडून देत.

त्या पन्नासहून अधिक जातींपैकी आज सतराच्या आसपास उरल्या आहेत. २०२३ मध्ये अमेरिकन सरकारनं हवाईच्या आठ पक्ष्यांना अधिकृतपणे नामशेष ठरवलं. त्यांतला पोऊली १९७३ मध्ये माउई बेटावर विद्यार्थ्यांना पहिल्यांदा सापडला आणि २००४ मध्ये शेवटचा ज्ञात पोऊली पिंजऱ्यात मेला. जगाला माहीत झाल्यापासून नाहीसा होईपर्यंत अवघी एकतीस वर्षं.

जंगलतोड, गुरं, डुकरं, झाडावर चढणारे काळे उंदीर, मांजरं, मुंगूस, सगळ्यांनी मिळून हे केलं. मुंगूसही मूळचं आपलंच. कलकत्त्याहून ते १८७२ मध्ये जमैकात गेलं आणि तिथून १८८३ मध्ये हामाकुआ किनाऱ्यावरच्या ऊसमळेवाल्यांनी उंदीर मारायला इथे आणलं. त्यानं जमिनीवर घरटी करणाऱ्या नेने या हवाईयन हंसाची अंडी खाल्ली. पण किनाऱ्यालगतची चांगली झाडी शाबूत असलेल्या ठिकाणीही पक्षी का नाहीत, याचं उत्तर यांपैकी कुणाकडे नव्हतं. ते उत्तर डास होतं.

हवाई बेटांवर मुळात डास नव्हते. १८२६ मध्ये मेक्सिकोहून आलेल्या 'वेलिंग्टन' या जहाजानं माउईवरच्या लाहायना इथे पाण्याची पिंपं धुतली आणि तळाच्या पाण्यातल्या अळ्या ओढ्यात गेल्या. तो डास म्हणजे क्युलेक्स क्विन्क्विफॅसिएटस, आपल्याकडे तुंबलेल्या गटारांत वाढणारा आणि हत्तीरोग पसरवणारा तोच डास. पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर पक्ष्यांचा मलेरिया आला आणि या डासानं तो रानात पोचवला. पक्ष्यांचा मलेरिया क्युलेक्स डासातून पसरतो, हे सर रोनाल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये कलकत्त्यात पक्ष्यांवरच्या प्रयोगांतून सिद्ध केलं होतं. भारतातल्या प्रयोगशाळेत जे ज्ञान मिळालं, त्याचा सर्वांत भयंकर पडताळा हवाईच्या रानांत आला. लाखो वर्षं डासाशिवाय जगलेल्या या पक्ष्यांच्या अंगात त्या रोगाशी लढण्याची ताकद नव्हती. एका प्रयोगात प्रत्येकी एकाच बाधित डासानं चावलेल्या दहा ईईवींपैकी नऊ मेले.

म्हणूनच ती उंची. थंडीत डास कमी होतात, आणि तापमान १३ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की मलेरियाच्या परोपजीवीची डासाच्या शरीरातली वाढ थांबते. सुमारे दीड हजार मीटरच्या वरची थंड हवा हा पक्ष्यांचा किल्ला ठरला. काउआई बेटाचं सर्वांत उंच शिखर जेमतेम १,६०० मीटरचं. तिथला किल्ला आता जवळजवळ पडला आहे. त्या बेटावरचा अकिकिकी हा पक्षी रानातून जवळजवळ संपलाच आहे. २०१९ मध्ये माउईवर किविकिउ या दुर्मीळ जातीचे मोजके पक्षी नव्या रानात नेऊन सोडले, तर काही आठवड्यांत बहुतेक मलेरियानं मेले. पृथ्वी तापते आहे तशी डासांची रेषा वर सरकते आहे. मौना केआ उंच आहे, पक्ष्यांना वर जायला डोंगर आहे. पण वर जंगल कुठे आहे? वर गुरांनी केलेलं कुरण आहे. खालून डास आणि वरून गवत, यांच्या मधल्या पट्ट्यात पक्षी अडकले आहेत.

हकालाउमध्ये चाललेल्या सगळ्या कामाचा अर्थ इथे उलगडतो. जंगल वर न्यायचं, डास पोचण्याआधी.

पहिलं काम कुंपणाचं. मैलोन् मैल जाळीचं कुंपण घालून त्यातली गुरं आणि डुकरं बाहेर काढायची. डुकरं फक्त रोपं उपटत नाहीत. वृक्षनेच्याचं खोड फोडून ती आतला पिठूळ गर खातात. खोडात पन्हळ राहते, पन्हळीत पाणी साचतं, पाण्यात डास होतात. डुक्कर आणि मलेरिया यांचा इतका थेट संबंध आहे. शिवाय ती ओहिआच्या मुळांना आणि सालीला जखमा करतात आणि बुरशीला वाट मिळते. कुंपणावर झाड पडतं, पुरानं खालची माती वाहून जाते, आणि एका फटीतून शिरलेल्या चार डुकरांमुळे वर्षांची मेहनत वाया जाते. म्हणून कुंपणाची फेरी हा न संपणारा उद्योग.

दुसरं काम लागवडीचं. अभयारण्याच्या वरच्या भागात रोपवाटिका आहे. याच रानातलं बी गोळा करून तिथे रोपं तयार होतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आजवर सहा लाखांहून अधिक देशी झाडं या कुरणांवर लागली, आणि त्यांतली असंख्य स्वयंसेवकांच्या हातांनी. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. आफ्रिकेतून आलेलं किकुयू गवत जमिनीवर इतकी जाड गादी करतं की ओहिआचं धुळीएवढं बी मातीपर्यंत पोचतच नाही. निसर्गात ते पडलेल्या शेवाळी ओंडक्यावर रुजतं. कुरणात ओंडके कुठून आणायचे? त्यात रात्री हिमकण पडतात आणि कोवळं ओहिआ जळून जातं. म्हणून आधी कोआ लावतात. ती झपाट्यानं वाढते, जमिनीत नत्र धरून ठेवते आणि तिच्या छत्राखाली थंडीचा मारा कमी होतो. मग तिच्या आडोशाला ओहिआ आणि खालच्या थरातली फळझुडपं लावायची. जुन्या रानापासून वरच्या सीमेपर्यंत कोआचे पट्टे काढत नेले आहेत, पक्ष्यांना झाडाझाडांतून वर जाता यावं म्हणून. त्याच वेळी गॉर्स, ब्लॅकबेरी आणि झाडांना गुदमरवणारे परदेशी वेल उपटत राहायचे.

त्या लागवडीतून आम्ही परतीची वाट चढलो. तीस वर्षांपूर्वी जिथे गुरं चरत होती तिथे डोक्यावर कोआचं छत होतं. फांद्यांवर ईईवीच्याच घराण्यातले अमाकिही आणि एलेपायो वावरत होते. ओमाओ हा मोठा तपकिरी कस्तूर फळं खाऊन नवं बी पेरत हिंडत होता. मोकळ्या गवतात नेनेची जोडी चरत होती. विसाव्या शतकाच्या मध्याला रानात काही डझनच उरलेला हा हंस पिंजऱ्यातल्या पैदाशीमुळे आणि राखणीमुळे परत आला. हवाईत इतरत्र रानपक्षी घटत असताना हकालाउत त्यांची संख्या दीर्घकाळ टिकून राहिली. याचं श्रेय उंचीला आहे, तसंच या हातांनाही आहे.

मी आजवर अभयारण्य म्हणजे माणसाला बाहेर ठेवण्याची जागा असं मानणाऱ्यांची मतं खूप ऐकली आहेत. हकालाउ पाहिल्यावर ते मत मला अपुरं वाटतं. माणसानं इथे गुरं आणली, डुकरं सोडली, डास उतरवला, गवत पेरलं, हवा तापवली. एवढं करून झाल्यावर नुसतं हात काढून घेणं म्हणजे राखणं नव्हे. तसं केलं तर डुक्कर कुंपण तोडेल, गवत रोपाला गिळेल, डास वर चढेल. बिघडवलेलं रान जपायचं तर ते पिढ्यान्‌पिढ्या कष्टानं जपावं लागतं. कुणी तरी दर वर्षी कुंपण चालत राहिलं पाहिजे, रोप लावत राहिलं पाहिजे, पक्षी मोजत राहिलं पाहिजे.

कष्टांबरोबर नवं शास्त्रही लागणार आहे. २०२३ च्या अखेरीपासून माउईवर आणि त्यानंतर काउआईवर प्रयोगशाळेत वाढवलेले नर डास रानात सोडले जात आहेत. त्यांच्या अंगात वोल्बाकिया या जिवाणूचा असा प्रकार असतो, की रानातल्या मादीशी त्यांचा संयोग झाला तर अंडी उबत नाहीत. नर डास चावत नाही, त्यामुळे रोग पसरण्याचा प्रश्न येत नाही. दुर्गम डोंगरांवर हेलिकॉप्टर आणि ड्रोनमधून हे डास पुन्हा पुन्हा सोडावे लागतात, तेव्हा पुढच्या पिढ्या लहान होत जातात. हा उपाय साधला तर डासांची रेषा खाली ढकलता येईल. निसर्गानंही आपल्या परीनं एक आशा दाखवली आहे: याच बेटावर सखल रानांतले काही अमाकिही मलेरिया सोसायला शिकले आहेत. पण ईईवीला, अकिआपोलाआउला तेवढा वेळ मिळेल याची खात्री कुणी देत नाही. २०१७ मध्ये ईईवी संकटग्रस्तांच्या केंद्रीय यादीत गेला, तो बऱ्याच अंशी डासांमुळेच.

हवाईला जाणारे मराठी प्रवासी आता कमी नाहीत. कुणी मुलांकडे अमेरिकेत जातं आणि तिथून बेटांवर फिरून येतं, कुणी थेट सहलीला. त्यांना माझी विनंती आहे. किनारा बघा, ज्वालामुखी बघा, पण एक दिवस डोंगरासाठी ठेवा. हकालाउला जायचं तर परवानाधारक वाटाड्या आधीच ठरवा; गरम कपडे आणि पावसाळी कोट जवळ ठेवा, कारण दुपारी धुकं चढतं आणि पाऊस येतोच. बूट, पिशव्या आणि तिकाटणी स्वच्छ करा आणि बुटांवर अल्कोहोल फवारल्याशिवाय रानात पाऊल टाकू नका. ओहिआची साल किंवा फांदी मोडू नका. पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवून त्यांना बोलावू नका. ज्याला दिवसभर अळी शोधायची आहे त्याला फोटोसाठी दमवणं योग्य नाही. जास्त दिवस राहणार असाल तर लागवडीला स्वयंसेवक लागतात, त्यांची चौकशी करा. साळुंकी, मुंगूस आणि गटारातला डास हे तिन्ही आपल्या ओळखीचे जीव माणसाच्या हातून या बेटांवर गेले. आपल्या हातून तिथे जायचंच असेल, तर ते कोआचं एखादं रोप असू द्या.